पाठ फिरवलेलं विमान

प्रश्न : आमचं घर कशेडी घाटाच्या अंगाला. मुलगा नोकरीसाठी कामोठ्याला असतो. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून सुट्टीच्या दिवशी तो आणि त्याचे मित्र विमानं बघायला जातात, फोटो पाठवतात. शिमग्याला घरी आला तेव्हा त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला समुद्रकिनारा, कुंपणाला लटकलेली माणसं, विमान सुटलं की टोप्या, चटया, माणसं सगळंच उडतंय. आणि ती माणसं हसतायत! माझ्या पोटात धस्स झालं. आमच्या घाटात रस्त्याच्या कडेला उभं असताना ट्रेलर बाजूने गेला तरी पदर सावरावा लागतो. मग विमानाच्या हवेचा जोर किती असेल? त्यात कधी कोणी दगावलंय का? आणि आपल्याकडे असं होऊ शकतं का?
— एक वाचक, कशेडी

उत्तर : ताई, आधी तुमच्या मधल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण व्हिडिओत तेवढंच दिसत नाही. होय, दगावलंय.

तुमच्या मुलाने दाखवलेला किनारा बहुधा माहो बीचचा. कॅरिबियन समुद्रात सेंट मार्टिन नावाचं छोटं बेट आहे. त्याच्या डच बाजूला प्रिन्सेस ज्युलियाना विमानतळ आहे. बेटावर सपाट जमीन थोडीच. एका अंगाला खाजण, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर सुमारे २३०० मीटरची धावपट्टी. ती जिथे संपते तिथे कुंपण, कुंपणाला लागून रस्ता आणि रस्त्यापलीकडे लगेच वाळू. उतरणारी विमानं आंघोळ करणाऱ्यांच्या डोक्यावरून इतकी खाली येतात की चाकं मोजता येतात. ऑक्टोबर २०१६पर्यंत डच कंपनीचं जम्बो जेट, म्हणजे बोइंग ७४७, तिथे नियमित यायचं. त्याचे फोटो जगभर पसरले आणि हा किनारा नावारूपाला आला.

१२ जुलै २०१७ रोजी न्यूझीलंडहून आलेली ५७ वर्षांची एक महिला तिथे कुंपण धरून उभी होती. त्रिनिदादला निघालेलं बोइंग ७३७ धावपट्टीच्या टोकाला आलं, कुंपणाकडे शेपटी करून थांबलं आणि त्याने इंजिनांचा जोर वाढवला. तिचे हात सुटले. ती मागे फेकली गेली आणि डोकं सिमेंटच्या बांधकामावर आपटलं. ती त्यातून वाचली नाही. त्याआधी २०१२मध्ये एक तरुणी याच जागी अशीच फेकली गेली होती, तिचं डोकं सिमेंटच्या कठड्यावर आदळलं होतं, ती वाचली.

२०१७च्या घटनेतलं विमान जम्बो नव्हतं, ही गोष्ट मुलाला मुद्दाम सांगा. आपल्याकडे मुंबई, पुणे, गोवा, कुठेही रोज दिसतं तसलंच, दोन इंजिनांचं, मध्यम आकाराचं ते विमान होतं.

आता जोराचं बोलू. अशा विमानाचं एकेक इंजिन उड्डाणाच्या वेळी साधारण १२ टनांचा रेटा देतं. मोठ्या बोइंग ७७७च्या एका इंजिनाचा रेटा ५० टनांच्या पुढे जातो. हा रेटा येतो हवा मागे फेकून. दर सेकंदाला शेकडो किलो हवा पुढून आत घ्यायची आणि कितीतरी पट वेगाने मागे सोडायची, हेच इंजिनाचं काम. नळीतून बाहेर पडताना त्या हवेचा वेग ताशी शेकडो किलोमीटर असतो. बाहेर पडल्यावर ती आजूबाजूच्या शांत हवेला आपल्याबरोबर ओढते, झोत रुंदावतो आणि वेग उतरत जातो. लांब बोगद्यांच्या छताला जे लांबोडके पंखे टांगतात, त्यांना जेट फॅन म्हणतात, आणि ते याच गुणावर चालतात. पंख्यातून जाणारी हवा थोडी असते, पण ती बोगद्यातल्या बाकीच्या हवेला पुढे ढकलत नेते आणि धूर बाहेर जातो. तुमच्याकडे भोगावपासून कशेडीपर्यंत जुळा बोगदा झाल्यापासून बोगद्यातल्या हवेचा विषय तुमच्या ओळखीचा झाला असेल, म्हणून हे सांगितलं.

झोत रुंदावतो म्हणजे तो लगेच निवतो असं मात्र नाही. ढोबळ नियम असा, की अंतर दुप्पट झालं की झोताचा वेग निम्मा होतो. अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने वैमानिकांसाठी काढलेल्या पुस्तकात जुन्या डीसी-१० विमानाचा आकडा आहे. पूर्ण जोर लावलेला असताना त्याच्या मागे २१०० फुटांवर, म्हणजे सुमारे ६४० मीटरवरही, वारा ताशी ४० किलोमीटरचा असतो. अर्ध्या किलोमीटरच्याही पलीकडे! त्याच विमानाची इंजिनं नुसती मंद चालत असली तरी हा वेग ३५० फुटांपर्यंत पोहोचतो.

आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. सगळी गोम इथे आहे, आणि म्हणूनच धाडसी माणसं फसतात. उभ्या माणसाच्या अंगाचा हिशेब मांडून पाहू. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात अंगावर साधारण ४ किलोचा रेटा येतो. आपल्याला तो गंमतीचा वाटतो, केस उडतात, बरं वाटतं. ७२ किलोमीटरला तोच रेटा १७ किलो होतो. पाय रोवून उभं राहावं लागतं. १४४ किलोमीटरला ६८ किलो. ६० किलोच्या माणसाला जमीन धरून ठेवते ती चपलेच्या घर्षणाने, आणि कोरड्या रस्त्यावरही ते घर्षण वजनाच्या निम्म्याच्या आसपास असतं, वाळूवर त्याचाही भरवसा नाही. म्हणजे ताशी १०० किलोमीटरच्या जवळपास पाय सुटायला लागतात. तुमच्या घाटातला ट्रेलर पदर उडवतो तो त्याच्या बाजूने सरकलेल्या हवेचा एक क्षणाचा झपका. जेटचा झोत एकाच दिशेने, न थांबता, विमान हलेपर्यंत येत राहतो आणि क्षणाक्षणाला वाढत जातो.

रायगडकरांना याहून जवळचा दाखला देता येतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा होता. श्रीवर्धन, मुरूड, अलिबागकडच्या नारळी-पोफळीच्या बागा त्याने आडव्या केल्या, घरांचे कोने आणि पत्रे नेले. जोर लावलेल्या मध्यम विमानाच्या मागे ५०-६० मीटरवर उभं राहणं म्हणजे त्या वाऱ्यात किंवा त्याच्याही वरच्या वाऱ्यात उभं राहणं. निसर्गच्या दिवशी आपण दारं लावून घरात बसलो होतो.

मग व्हिडिओतली माणसं हसतात कशी? कारण बहुतेक वेळा वैमानिक हळूहळू जोर वाढवतो, विमान पुढे सरकतं, अंतर वाढतं, आणि माणूस वाळूत लोळून उठतो. ज्या दिवशी विमान भरलेलं आहे, जोर जास्त लावावा लागला आहे, किंवा ब्रेक धरून ठेवून मग सोडला आहे, त्या दिवशी त्याच जागी त्याच माणसाचं तसंच होईल असं नाही. कुंपणाबाहेर उभ्या असलेल्याला हे आधी कळायला काही मार्ग नाही. शंभर जण लोळून उठले म्हणून एकशे एकावा उठेल, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

कुंपण धरल्याने आपण सुरक्षित आहोत असं वाटतं, ते तर फारच चुकीचं आहे. हात धरलेले राहतात, पाय जमिनीवरून सुटतात, शरीर झोताला आडवं होतं. जोर वाढत जातो आणि बोटं सुटतात ती बरोबर सगळ्यात जास्त जोराच्या क्षणी. आधीच वाळूत बसलेला माणूस लोळतो. कुंपणाला लटकलेला माणूस फेकला जातो. जीव वाऱ्याने जात नाही, मागे जे काही टणक असतं त्याने जातो. माहोला मागे रस्ता आहे, कठडा आहे, दगड आहेत. वाळूचे कण डोळ्यांत जातात, लहान खडे अंगावर येतात, इंजिनाच्या जवळ कानावर १२० डेसिबलच्या वरचा आवाज आदळतो आणि कानाची आतली इजा भरून येत नाही. हे सगळं दुय्यम म्हणावं इतकं ते डोक्याचं आपटणं वाईट.

विमानाच्या झोतात मृत्यूही येऊ शकतो, असं सांगणारा मोठा फलक माहोला लावलेला आहे. लोक त्या फलकाला टेकून फोटो काढतात.

मला या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट. बघ्यांचं लक्ष असतं ते उतरणाऱ्या विमानाकडे. ते समोरून येतं, मोठं होत जातं, डोक्यावरून जातं, अंगावर काटा येतो, फोटो मिळतो. पण उतरताना इंजिनांचा जोर कमी केलेला असतो. पूर्ण जोर लागतो तो उड्डाणाला, आणि तेव्हा विमान आपल्याकडे पाठ फिरवून उभं असतं. भीती वाटते तोंडाची आणि जीव धोक्यात येतो पाठीमुळे. झोत डोळ्यांना दिसतही नाही. फार तर मागची हवा थरथरताना दिसते. मुलाला एवढंच नीट समजावलंत तरी पुरे : शेपटी तुझ्याकडे वळली की तू तिथे नसायला हवंस.

आता आपल्याकडे काय, हे पाहू. माहोसारखं हुबेहूब आपल्याकडे होणं कठीण आहे आणि त्याचं कारण जागेच्या नियमात आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मोठ्या धावपट्टीच्या टोकापुढे ६० मीटर मोकळी पट्टी लागते आणि तिच्यापुढे सुरक्षेचा मोकळा भाग लागतो. तो किमान ९० मीटर, आणि जमेल तिथे २४० मीटर असावा अशी शिफारस आहे. त्याशिवाय टोकाला लागूनच पिवळ्या बाणपट्ट्या रंगवलेला फरसबंद भाग असतो, तो झोताने माती उडू नये म्हणून. त्यावर विमान उतरवत नाहीत. जागा अपुरी असली किंवा मागे रस्ता, वस्ती असली तर वाकवलेल्या पोलादी पात्यांचं कुंपण उभारतात. ते झोताला अडवत नाही, वर वळवतं. नवी मुंबईचा विमानतळ डोंगर कापून, नदीचा प्रवाह वळवून, दहा गावं उठवून बांधलेला आहे. १८ फेब्रुवारी २०१८ला भूमिपूजन, ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन आणि २५ डिसेंबर २०२५पासून प्रवासी विमानं. धावपट्टी ३७०० मीटरची. गेल्या काही वर्षांतल्या मोजमापांप्रमाणे आखलेल्या अशा विमानतळावर कोणाला कुंपण धरून विमानाच्या शेपटीखाली उभं राहता येत नाही.

पण मुंबई सहारचं तसं नाही. तो विमानतळ आणि शहर एकमेकांच्या अंगावर वाढले. कुर्ल्याच्या जरीमरीत विमानतळाच्या भिंतीला टेकून घरं आहेत. तिथल्या मुलांनी पाटी-पेन्सिलच्या वयापासून विमानांची पोटं पाहिली आहेत. ती हौसेने बघायला गेलेली नाहीत, त्यांचं घरच तिथे आहे. त्यांना धोक्याचं शहाणपण शिकवण्याआधी राहायला दुसरी जागा मिळायला हवी, हे मी ठामपणे म्हणतो.

झोताने आपल्याकडेही माणसं जखमी झालेली आहेत, फक्त ती बघ्यांमधली नव्हती. माहोची घटना झाली त्याच महिन्यात, जुलै २०१७मध्ये, दिल्ली विमानतळावर प्रवाशांना विमानाकडे नेणाऱ्या बसच्या काचा शेजारून वळणाऱ्या एका विमानाच्या झोताने फुटल्या आणि आतल्या काही प्रवाशांना काचा लागल्या. बसमधल्या लोकांनी काहीही धाडस केलेलं नव्हतं. ते तिकीट काढून, रांगेत उभे राहून बसमध्ये चढले होते. ब्रिटनमधल्या 'टॉप गिअर' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तर जम्बोच्या मागे मोटारी उभ्या करून पाहिल्या होत्या. त्या कागदासारख्या उलटत गेल्या.

उतरणाऱ्या विमानाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझं वरचं बोलणं अर्धवट राहील. पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे सुटतात आणि विमान गेल्यावर थोड्या वेळाने ते जमिनीवर येतात. लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळच्या वस्तीत या भोवऱ्यांनी छपरांची कौलं उचकटतात आणि विमानतळ ती दुरुस्त करून देतो. म्हणजे उतरण्याच्या रेषेत, अगदी जवळ, कौलारू किंवा पत्र्याच्या छपराखाली उभं राहणंही बरं नाही. विमान गेलं, आता धोका संपला, असं वाटतं त्यानंतर काही क्षणांनी कौल खाली येतं.

तर मुलाने जाऊ नये का? जावं, ताई! विमान बघायची ओढ फार चांगली ओढ आहे. तिच्यातून मुलं वाऱ्याचा, भूगोलाचा, यंत्राचा अभ्यास करायला लागतात. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरं जाऊन उडतं आणि उतरतं. नवी मुंबईची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा उडणाऱ्या विमानाची पाठ पूर्वेला, पनवेलच्या बाजूला असते. वारा फिरला की पाठही फिरते. त्याला सांगा, घरातून निघताना वाऱ्याची दिशा बघ आणि आज विमान कुठून कुठे उडेल ते आधी ओळखून दाखव. धावपट्टीच्या टोकाच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. बाजूने विमान पूर्ण दिसतं, चाक जमीन सोडतं तो क्षण दिसतो, फोटोही तिथूनच चांगला येतो. भिंतीवर, झाडावर, डंपरच्या टपावर चढायचं नाही. सोबत नेलेलं खाणं तिथे टाकायचं नाही, कारण उष्ट्याला घारी जमतात आणि घार इंजिनात गेली तर विमानातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. विमानतळाभोवती १० किलोमीटरच्या परिघात कचरा टाकायला नियमाने बंदी आहे, ती याचसाठी.

आणि गाडी रस्त्यातच उभी करायची नाही. विमानतळालगतच्या उलव्याच्या बाजूची खरी भीती मला विमानाची वाटत नाही, मागून येणाऱ्या कंटेनरची वाटते. अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ला झालं आणि पहिल्या काही दिवसांतच पुलावर गाड्या थांबवून फोटो काढणाऱ्यांवर पोलिसांना दंड करावा लागला. वर बघणाऱ्याला मागचं दिसत नाही. जुलै २०२४मध्ये आपल्याच जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्यापाशी, चित्रण करताना मुंबईची एक तरुण मुलगी खोल दरीत कोसळली आणि गेली. धबधबा काय, विमान काय, डोळा कॅमेऱ्यात अडकला की पाय कुठे आहे याचं भान जातं. मुलांवर मी रागावत नाही. मलाही विमान दिसलं की मान वर जातेच. पण चित्रण करणाऱ्याच्या शेजारी चित्रण न करणारा एक जण उभा असावा, एवढा नियम मित्रांनी आपसात करावा.


प्रश्न : विमानाचं इंजिन माणसाला आत ओढून घेतं असं ऐकलं. मग पुढे उभं राहणं जास्त धोक्याचं की मागे?
— एक विद्यार्थी, पोलादपूर

उत्तर : ओढून घेतं, आणि हे मुंबईतच घडलं आहे. १६ डिसेंबर २०१५च्या रात्री मुंबई विमानतळावर हैदराबादला निघालेल्या विमानाच्या इंजिनात कामावरचा एक तंत्रज्ञ ओढला गेला आणि जागच्या जागी गेला. ज्याचं सगळं आयुष्य विमानांभोवती गेलं, त्याच्यावर ही वेळ आली.

पण बघ्यांपुरतं बोलायचं तर पुढच्या ओढीची हद्द लहान असते. आत जाणारी हवा समोरून, बाजूंनी, खालून, सगळीकडून गोळा होत येते. त्यामुळे इंजिनाच्या तोंडापासून काही मीटरवर ओढ पटकन कमी होते. बाहेर टाकलेली हवा मात्र एकाच दिशेने जाते, म्हणून तिचा जोर शेकडो मीटर टिकतो. पुढचा धोका विमानतळावर काम करणाऱ्यांचा, मागचा धोका कुंपणाबाहेरच्यांचाही.


प्रश्न : आमच्या भागात विमानतळ नाही. हेलिकॉप्टर मात्र निवडणुकीत आणि पूर आला की येतं, आणि सगळा गाव मैदानावर धावतो. त्याच्या वाऱ्यानेही काही होतं का?
— एक शिक्षक, महाड

उत्तर : सर, तुमचा प्रश्न महाड-पोलादपूरकरांसाठी सगळ्यात कामाचा आहे. जेट विमान आपल्या अंगणात उतरणार नाही, हेलिकॉप्टर उतरतं.

हेलिकॉप्टरचं वजन हवेत पेलतं ते पंख्याने हवा खाली ढकलूनच. जितकं वजन जास्त, तितकी हवा जोरात खाली येते, जमिनीवर आपटते आणि चारी बाजूंना पसरते. हिशेब केला तर एमआय-१७सारख्या मोठ्या हेलिकॉप्टरखालची हवा ताशी ८० किलोमीटरच्या आसपास जाते. वर सांगितलेला अंगावरच्या रेट्याचा हिशेब इथे लावला तर तो २० किलोच्या वर येतो. तरुण माणूस तोल सावरेल. म्हातारं माणूस, कडेवर मूल असलेली आई, काठी टेकणारे आजोबा सावरणार नाहीत.

४ मार्च २०२२ रोजी इंग्लंडमधल्या प्लिमथ शहरात रुग्णालयाच्या हेलिपॅडवर तटरक्षक दलाचं मोठं हेलिकॉप्टर रुग्णाला घेऊन उतरत होतं. शेजारी मोटारी उभ्या करायची जागा होती. तिथून चालत जाणाऱ्या ८७ वर्षांच्या एका बाईंना त्या वाऱ्याने पाडलं, डोक्याला मार लागला आणि त्या वारल्या. त्या हेलिकॉप्टर बघायला आल्या नव्हत्या. ज्या रुग्णासाठी ते आलं तो वाचावा म्हणून सगळी धडपड होती, आणि कडेने जाणाऱ्या बाईंचा जीव गेला. ही घटना वाचल्यापासून गावच्या मैदानातलं हेलिपॅड मला वेगळं दिसतं.

आपल्या तालुक्याला हा वारा नवीन नाही. रायगडावर होळीच्या माळावर पूर्वी हेलिकॉप्टर उतरायचं. धूळ आणि पाचोळा महाराजांच्या पुतळ्यावर उडतो म्हणून शिवभक्तांनी विरोध केला आणि ते बंद पडलं. डिसेंबर २०२१मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद गडावर आले ते पाचाडच्या बाजूने रोपवेने. तेव्हाही गडावर हेलिकॉप्टर उतरवायला विरोध झाला होता. पुतळ्याच्या मानासाठी झालेला तो आग्रह मला मोलाचा वाटतो, आणि तोच आग्रह मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांसाठीही धरावा असं वाटतं. ऑगस्ट २०१६मध्ये सावित्रीवरचा पूल वाहून गेला तेव्हा नौदलाची आणि तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरं शोधासाठी आली होती. ३ मे २०२४ला निवडणुकीच्या धामधुमीत महाडमध्ये एक खासगी हेलिकॉप्टर उतरता उतरता धुळीच्या लोटात कोसळलं. सुदैवाने वैमानिक वाचले. पंख्याचं पातं तुटून किती लांब जाईल हे कोणी सांगू शकत नाही.

फक्कीने वर्तुळ आखलं, मध्ये इंग्रजी एच काढला, टँकरने पाणी मारलं की तयारी झाली असं आपण मानतो. पाणी मारणं आवश्यकच आहे. धूळ उडाली तर वैमानिकाला जमीनच दिसेनाशी होते. पण तेवढं पुरत नाही. मैदानाच्या कडेला कालच्या कार्यक्रमाचा मंडप असतो, सुटे पत्रे असतात, प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत असते, ताडपत्री नुसत्या विटा ठेवून दाबलेली असते. वाऱ्याने माणूस पडला नाही तरी पत्रा उडतो, आणि उडालेला पत्रा काय करतो हे कोकणात सांगायची गरज नाही.

तुम्ही शिक्षक आहात, तुमचा शब्द गावात ऐकला जातो, म्हणून काही कामं तुमच्यावर टाकतो. शाळेच्या मैदानावर हेलिकॉप्टर येणार असेल तर आदल्या दिवशी ग्रामपंचायतीकडून आणि पोलीस पाटलांकडून मैदानातली प्रत्येक सुटी वस्तू हलवून घ्या. मंडप असेल तर तो उतरवा, नुसता बांधून घेऊ नका. बघणाऱ्यांसाठी दोरी लावा, आणि ती हेलिकॉप्टरपासून निदान शंभर पावलांवर असू द्या. मुलांना दोरीमागे बसवा, उभं करू नका. बसलेल्या मुलाला वारा पाडत नाही. शेपटीच्या बाजूला कोणालाही थांबू देऊ नका, तिथला छोटा पंखा फिरताना डोळ्यांना दिसत नाही. म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या मुलांच्या आयांना शाळेच्या पडवीत बसवा. आणि मोठं पातं पूर्ण थांबेपर्यंत हार, पुष्पगुच्छ घेऊन कोणालाही धावू देऊ नका, मग येणारा पाहुणा कोणीही असो.